तित्तराला कोण भेटलं?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय आठवा. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतोय. परवा आपण कपोताच्या गोष्टीपाशी थांबलो होतो. आज हत्ती आणि हरीण. मासाही घ्यायचा होता, पण तो उद्यावर ढकलतोय, कारण आज मी हरणापाशीच अडकलो.

गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. हत्ती हत्तिणीच्या मोहाने पकडला जातो. ही काही कविकल्पना नाही. माणसाळलेल्या हत्तिणी उभ्या करून रानटी हत्ती पकडायची पद्धत मेगास्थेनिसनेही लिहून ठेवली आहे, म्हणजे तेवीसशे वर्षं तरी जुनी. हरीण व्याधाच्या गाण्याने भुलतं आणि जाळ्यात येतं. अवधूत म्हणतो, यांच्याकडून शीक, इंद्रियं आवर.

खरं सांगतो, हा अध्याय मी याआधी चार-पाच वेळा वाचलाय. दर वेळी मान डोलावली आणि पुढे गेलो. साधकाने काय करू नये ते कळलं, संपलं. या वेळी तसं झालं नाही, कारण रविवारी सकाळी मी हरणाच्या नाही, व्याधाच्या जागी उभा होतो. तेही बेशाच्या आमच्या बाल्कनीत, हातात चहाचा कप घेऊन.

आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून तीन-चार प्लॉट रिकामे आहेत. बाभळी, गाजरगवत, कोणीतरी आणून टाकलेला मलबा. बेसा आता पूर्ण शहर झालंय, पण या तुकड्यात सकाळी सहाला तित्तर ओरडतो. उन्हाळा हा त्यांचा विणीचा काळ, त्यामुळे सध्या आवाजाला नुसता ऊत आलाय. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मी म्हटलं थांब, बोलावतो. मोबाइलवर पक्ष्यांच्या आवाजांचं ॲप आहे. तित्तराची हाक लावली, आवाज पूर्ण वाढवला आणि मोबाइल कठड्यावर ठेवला.

मिनिटभरात तो आला. आला म्हणजे धावतच आला. कंपाउंडच्या भिंतीवर चढला, मान लांब केली, छाती फुगवली आणि उत्तर दिलं. मोबाइलने पुन्हा हाक दिली. त्याने पुन्हा उत्तर दिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला, खाली उतरला, गवतात शोधलं, परत वर आला. मुलगी खूश. मी तर जादूगारच. पाचेक मिनिटांनी मी आवाज बंद केला, तरी तो शोधतच होता. खूप वेळ.

मुलीने विचारलं, "बाबा, त्याला कोण भेटलं?"

म्हटलं, "कोणीच नाही गं. तो आपला मोबाइल होता ना."

"मग तू त्याच्याशी खोटं बोलला?"

मी हसून विषय बदलला. पण संध्याकाळी पोथी उघडली तर समोर हरीण. काय करणार?

माझं आजोळ वाशीम जिल्ह्यात, कारंजा लाडकडे. लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो की शेतावर कधीकधी फासेपारधी समाजातले एक काका यायचे. त्यांच्याकडे एक पाळलेला तित्तर होता, पिंजऱ्यात, वर फडकं टाकलेलं. पहाटे धुऱ्याजवळ पिंजरा ठेवायचा, फडकं काढायचं, आजूबाजूला बारीक फासे मांडायचे आणि दूर जाऊन बसायचं. उजाडलं की पिंजऱ्यातला ओरडायचा. रानातल्या नराला वाटायचं, माझ्या हद्दीत कोण आलं? तो तावातावाने भांडायला यायचा आणि पाय फाशात अडकायचा. शीळ घालून हुबेहूब तित्तराचा आवाज काढणंही काकांना जमायचं, पण ते म्हणायचे की आपल्या तोंडापेक्षा त्याच्या तोंडावर त्यांचा जास्त भरवसा.

पारध्यांमध्ये अशा किती तरी रीती होत्या. गायपारधी शिकवलेल्या गायीच्या किंवा बैलाच्या आडोशाने चालत हरणांच्या कळपाजवळ जायचे. गायीला काय भ्यायचं म्हणून हरीण चरत राहायचं. चित्तापारधी संस्थानिकांसाठी चित्ते शिकवायचे. राजाने केली तर ती मृगया. यांनी पोटासाठी केली तर १८७१ च्या कायद्याने अख्खी जमातच जन्मतः गुन्हेगार. तो शिक्का पुसायला १९५२ उजाडावं लागलं, आणि लोकांच्या मनातून तो अजूनही गेलेला नाही. म्हणून हे लिहिताना हात जरा जपून चालवतोय. कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच फास लावणं आणि आमिष दाखवणं येतं, त्यामुळे मी पाहिलं तेव्हाही ते बेकायदेशीरच होतं. आज त्याच अकोला-वाशीम पट्ट्यात फासेपारधी समाजातली काही माणसं तणमोर शोधायला आणि राखायला अभ्यासकांसोबत काम करतात. माळावर तो दुर्मीळ पक्षी कुठे उतरेल हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

तर आमचे आबाजी माळकरी. एकदा त्यांनी काकांकडून धरलेले तिन्ही तित्तर विकत घेतले आणि आमच्यासमोर सोडून दिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी पैसे खिशात टाकले आणि म्हणाले, "सोडा ना आबाजी. उद्या मले पुन्हा भेटनच तो." दुसऱ्या दिवशी खरंच एक तित्तर घेऊन हसत दारात उभे. तोच होता की दुसरा, देव जाणे.

आबाजी म्हणाले, "असं कर, हा पिंजऱ्यातलाच मले देऊन टाक. किती घेशील?"

काकांचं हसू गेलं. म्हणाले, "तो इकाचा नाही जी. तो घरचा हाये."

हे वाक्य मला तीस वर्षं पुरलंय. त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ते स्वतःच्या हाताने वाळवी, किडे भरवायचे. त्याच्यावर त्यांचा खरोखर जीव होता. आणि तोच जीव ते त्याच्या जातभाईंना फसवायला वापरत होते. तो बिचारा तर कोणाला फसवतही नव्हता, आपला आपल्या भाषेत ओरडत होता. त्याचं ओरडणं खरंच होतं. खोटी होती ती फक्त त्याला तिथे आणून ठेवण्याची जागा.

रामायणात मारीच आठवतो? सोन्याचं हरीण आपण सगळे लक्षात ठेवतो, पण त्या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. आधी रूपाचं आमिष, मग आवाजाचं. मरताना मारीच रामाच्या आवाजात हाक मारतो, आणि त्या हाकेनेच लक्ष्मण सीतामाईपासून दूर जातो. सोन्याचा लोभ एकवेळ बाजूला ठेवा. खरा घात केला तो काळजीने. सीतामाईचं रामावर प्रेम नसतं तर त्या हाकेला काही अर्थच नव्हता. आणि हे करणारा मारीच स्वतः कोण? त्याने रावणाला आधी समजावलं होतं, नको म्हणाला होता. ऐकलं नाहीस तर मीच मारतो म्हटल्यावर तो तयार झाला. म्हणजे तोही पिंजऱ्यातलाच.

म्हणून माझा प्रश्न असा झाला : जीव घेणं हे पाप मानलं, तर त्यासाठी समोरच्याची ओढ वापरणं हे वेगळं पाप आहे का? की मेलेल्या हरणाला त्याने काय फरक पडतो?

आमच्या टीममधला एक सहकारी पेन्सिल्व्हेनियाचा आहे. दर वर्षी मे महिना आला की हा चार दिवस रजेवर. मागे एकदा विचारलं तर म्हणाला, रानटी टर्कीच्या शिकारीचा मोसम. लाकडाची छोटी पेटी असते, तिचं झाकण घासलं की मादीसारखा आवाज निघतो. समोर प्लास्टिकची मादी रोवायची, झाडाला टेकून हलायचं नाही आणि बोलावत राहायचं. एरवी टर्कीमध्ये नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. इथे हा नरालाच उलटा चालत आणतो, म्हणून ते कसब. त्यांच्या राज्यात वसंतातल्या शिकारीत पक्ष्याचा माग काढत दबकत जायला परवानगीच नाही, बसून बोलावणंच नियमाला धरून. मी त्याला माझी शंका सांगितली. तो चिडला नाही. म्हणाला, बोलावल्यामुळे पक्षी जवळ येतो, नेम नीट बसतो, जखमी होऊन तडफडत पळत नाही. शिवाय तिकडे बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा जातो, १९३७ पासून. एकेकाळी संपत आलेली टर्की आज पुन्हा रानोमाळ आहे, त्यात या पैशाचाही हात आहे. हे सगळं खरं आहे. मी वाचून पडताळलं.

पण त्याच अमेरिकेत बदकांच्या शिकारीत जिवंत बदक आमिष म्हणून बांधायला १९३५ पासून बंदी आहे, आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायलाही सर्वसाधारणपणे मनाई आहे. बंदूक चालते, तोंडाने काढलेली हाक चालते, स्पीकर चालत नाही. मुख्य कारण असं की मग फारच पक्षी मारले जातात. पण मला त्यात एक कबुलीही दिसते. मारणाऱ्यालाही कुठेतरी वाटतं की एवढं सोपं असू नये. आणि मी काय केलं होतं? स्पीकरच. ना भूक, ना कसब. कारंजाच्या काकांना तित्तराची भाषा येत होती. मला बटण दाबता येत होतं.

आता जरा अवघड जागा. किष्किंधाकांडात वाली रामाला विचारतो, लपून का मारलंस? रामरायाच्या उत्तरात एक मुद्दा असा येतो की माणसं जाळी, फास, लपवलेले सापळे लावून पशू धरतातच, त्यात दोष मानत नाहीत, आणि तू तर वानर. वाली ते उत्तर स्वीकारतो. मी रामभक्त आहे, मला ते सहज गिळता यायला हवं. नाही गिळता येत. राजधर्म, भावाच्या बायकोचा अपराध, ते बाकीचे मुद्दे मला समजतात. हा एक मुद्दा घशात अडकतो. मग मी स्वतःला म्हणतो, अडकू दे. ज्या ग्रंथाने वालीला एवढा तिखट प्रश्न विचारायची जागा दिली, तो माझ्या घशाला घाबरणार नाही.

भागवताकडे परत येतो. अवधूताच्या चोवीस गुरूंत व्याध नाही, हे तुम्ही कधी पाहिलंय का? मध गोळा करणारा आहे, पिंगला आहे, मासा आहे, कोळी आहे. व्याध गोष्टीत येतो, काम उरकून घरी जातो, त्याला कोणी गुरू म्हणत नाही. संस्कृतात त्याला लुब्धक म्हणतात, लोभ ज्या धातूतून आला त्यातूनच हा शब्द. म्हणजे मोहात पडलेला फक्त हरीण नाही.

पण यादीत एक जण आहे, आणि माझ्यासारख्या इंजिनियर मंडळींचा तो अगदी लाडका आहे. शरकार, बाण बनवणारा. तो बाण सरळ करण्यात इतका मग्न की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळलं नाही. एकाग्रता शिकायची ती त्याच्याकडून. माझ्या लॅपटॉपवर कितीतरी दिवस चिकटवलेल्या कागदावर एकच शब्द होता : शरकार. कानात हेडफोन, नोटिफिकेशन बंद, तीन तास सलग कोड. मी हा दाखला याच ब्लॉगवर दोनदा दिलाय. आज पहिल्यांदा वाटलं, तो बाण कुठे जाणार होता हे त्याने कधी विचारलं असेल का? अवधूताने त्याच्याकडून फक्त एकाग्रता घेतली, बाकीचं तिथेच ठेवलं. मी मात्र सगळंच उचललं.

कारण मी हे केलंय. मी ज्या ॲपवर काम करतो त्याचं नाव सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. माणसांनी माणसांशी बोलावं म्हणून ते आहे. चौदा दिवस जे कोणी उघडत नाहीत त्यांना परत आणायचं काम माझ्याकडे होतं. मजकूर दुसऱ्या कोणी लिहिला होता : तुमची कोणीतरी वाट पाहतंय. कोण? कोणी नाही. तो संदेश सगळ्यांनाच जायचा. माझं काम होतं तो नेमका कधी पाठवायचा ते ठरवणं. आकडे बघून मी रात्री नऊ चाळीस काढलं. जेवण झालेलं, टीव्ही कंटाळवाणा, झोप आलेली नाही. त्या वेळी माणूस सगळ्यात एकटा असतो, आणि त्या वेळी सगळ्यात जास्त जण ॲप उघडत होते. सुंदर कोड होता तो. मला शाबासकी मिळाली, आणि खोटं का बोलू, मला अभिमान वाटला.

काही आठवड्यांनी एक तक्रार माझ्याकडे आली. लिहिणारा साधा, बहुधा वयस्कर माणूस. त्याने लिहिलं होतं की संदेश आला म्हणून ॲप उघडलं, सगळीकडे पाहिलं, कोणीच दिसत नाही, माझं काही चुकतंय का? मी तयार उत्तरांमधलं एक निवडलं, तांत्रिक अडचण असू शकते असं, आणि तक्रार बंद केली. दहा सेकंद लागले असतील. रविवारी तो तित्तर भिंतीवर इकडून तिकडे पळत होता तेव्हा मला हा माणूस आठवला नाही. पोथीतल्या हरणापाशी आल्यावर आठवला.

एक शंका तुमच्याही मनात आली असेल. हाकेने बोलावणं इतकं वाईट, तर मग कृष्णाची बासरी काय होती? दशम स्कंधात वेणुगीत आहे, तिथेही हरिणी बासरी ऐकून धावत येतात, आपल्या काळविटांना सोबत घेऊन. गोड आवाज, भुललेलं हरीण, सगळं तेच. एका ठिकाणी भागवत म्हणतं सावध राहा, दुसऱ्या ठिकाणी म्हणतं धन्य त्या हरिणी. मी यावर दोन दिवस डोकं खाजवलं. व्याधाचं गाणं बेसूर असतं असं तर नाही. शेवटी मुलीचाच प्रश्न लावून पाहिला. हरिणी आल्या तेव्हा त्यांना कोण भेटलं? ज्याने बोलावलं तोच भेटला. बासरीच्या मागे बासरीवाला होता. व्याधाच्या गाण्यामागे गाण्यातलं कोणीच नव्हतं. मोबाइलमागे तित्तर नव्हता. माझ्या संदेशामागे वाट पाहणारं कोणी नव्हतं. हाक मारणं हा गुन्हा नाही. आईही हाक मारते, देवळातली घंटाही मारते. हा ब्लॉगसुद्धा तुम्हाला रोज सकाळी हाकच मारतो. (आणि हो, मागच्या महिन्यात "या एका मंत्राने आयुष्य बदलेल" असं शीर्षक मी दिलं होतं. आत तसलं काही नव्हतं. माफ करा. ते शीर्षक काल बदललंय.)

सोमवारी मी आमच्या लीडशी बोललो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकांची फसवणूक करणाऱ्या ॲपमधल्या क्लृप्त्यांबद्दल सरकारने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकारांची यादी आहे, ती पुढे ठेवली. त्याने शांतपणे सांगितलं की कायदेशीर सल्ला घेतलेला आहे, आपला संदेश त्या यादीत बसत नाही. बसत नसेलही. मी म्हटलं, मग मला या कामातून काढ. त्याने काढलं, कुरकुर न करता. आता मी पैसे भरण्याच्या भागावर आहे. माझ्या जागी दुसरा मुलगा आला, हुशार आहे, संदेश आजही रात्री नऊ चाळीसला जातो. वेळ मीच काढलेली.

महाभारतात मिथिलेचा धर्मव्याध आहे ना, मांस विकतो पण स्वतः मारत नाही, आणि तपस्वी ब्राह्मणाला धर्म सांगतो. सोमवारी रात्री मी त्याच्या नावाखाली झोपायला पाहत होतो : मी आता हाक मारत नाही, फक्त त्याच दुकानात बसतो. पण धर्मव्याध आपला धंदा काय आहे हे लपवत नाही, कोणी विचारलं तर सरळ सांगतो. मी त्या माणसाला तांत्रिक अडचण सांगितली होती.

बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे मग त्याला खरं सांगून टाक की." इतकं सरळ.

ती तक्रार अजून यादीत आहे, 'बंद' म्हणून. ती पुन्हा उघडता येते. उत्तर लिहून ठेवलंय, दोनच ओळी : तुमचं काही चुकलं नव्हतं, तिथे कोणीच नव्हतं, आणि तो संदेश पाठवण्यात माझा हात होता. हे कंपनीच्या नियमात बसतं का? बहुधा नाही. लीडला आधी सांगावं की नंतर, यावर अजून माझं एकमत झालेलं नाही. आज नऊ चाळीसच्या आत पाठवायचं ठरवलंय.

मागच्या प्लॉटवरचा तित्तर आज सकाळीही ओरडत होता. मुलगी बाल्कनीत आली, तिने आधी माझा मोबाइल आत सोफ्यावर नेऊन ठेवला आणि मग कठड्याला हनुवटी टेकवून उभी राहिली. अर्धा तास. दिसला नाही तो.

उद्याचं वाचन : हाच अध्याय पुढे, मासा आणि मग पिंगला. तीही रात्री उशिरापर्यंत दारात कोणाची तरी वाट पाहत उभी होती.

राम कृष्ण हरी.